उभ्याउभ्या

शुक्रवारी रात्री साडेअकराची बस.
पाठीवर सॅक, तिच्यात दोन टी-शर्ट,
चार उकडलेली अंडी,
आणि धातुशास्त्राच्या नोट्स,
ज्या सहा देशांत फिरल्या आणि एकाही देशात उघडल्या नाहीत.

त्या सत्रात मी शहरं उरकली.
व्हिएन्ना पावसात उरकलं.
क्राकोव, नवे बूट चावत असताना.
बुडापेस्टला एकच पूल दोनदा ओलांडला,
कारण पहिल्या फोटोत दवितचे डोळे मिटलेले होते.
व्रोत्सवाफच्या रस्त्यांवर ब्राँझचे बुटके आहेत, वीतभर उंचीचे,
इल्झे आणि मी मोजत सुटलो,
सत्तेचाळिसाव्याला बसची वेळ झाली.
त्या सत्तेचाळिसाव्याच्या हातात काय होतं
ते आजही आठवत नाही.

रविवारी रात्री ओलोमोउत्सला परत.
जिन्यातला दिवा अर्ध्यात विझायचा,
उरलेला जिना मी पायांनी वाचायचे.
दार उघडायची पानी हेडविका.
इथे बाईंना पानी म्हणतात.
पहिल्या दिवशी तिने हे सांगितलं तेव्हा
मी ग्लास पुढे केला होता.

चाळीस वर्षं ट्रामच्या डेपोत नोकरी,
आणि व्हिएन्ना पाहिलेलं नाही.
तेव्हा ते जाऊ देत नव्हते, म्हणाली,
आता गुडघे जाऊ देत नाहीत.

मी आणलेले मॅग्नेट तिने फ्रिजला लावले, निमूटपणे,
गॅसचं बिल अडकवायला बरे.
विचारायची एकच:
कुठे बसलीस?

बसले? मी हसायचे.
छत्तीस तासांत दोन चर्च, एक किल्ला,
एक संग्रहालय (विद्यार्थ्यांना अर्धं तिकीट),
बसायला कुणाला वेळ आहे?
बसमध्ये बसले, असं एकदा सांगितलं.
बस म्हणजे शहर नाही, ती म्हणाली,
आणि सूप गरम करायला गेली.

मे महिन्यात एका शुक्रवारी बस आलीच नाही.
दीड वाजता मी सॅकसकट परतले,
तर ही जागीच, शब्दकोडं सोडवत.
काही विचारलं नाही.
सकाळी दोन पावांत लोणी लावलं,
आंबट काकडी कागदात गुंडाळली,
आणि मला ट्रामच्या शेवटच्या थांब्यावर नेलं.

तिथे एक बाक होता. आम्ही बसलो.
काही झालं नाही.
एक म्हातारा कुत्र्याशी भांडत गेला,
परत आला तेव्हा कुत्रा पुढे होता.
ट्राम यायची, वळसा घ्यायची, थांबायची,
ड्रायव्हर खाली उतरून सफरचंद खायचा
आणि हेडविकाला पाहून टोपीला हात लावायचा.
हा होंझा, ती म्हणाली, नापास झाला होता,
ब्रेक फार उशिरा दाबायचा.
तिसऱ्या ट्रामनंतर मी घड्याळ पाहणं सोडलं.
पाचव्यानंतर रुळांचा आवाज
येण्याआधीच पायांना कळायला लागला.
समोरच्या तिसऱ्या मजल्यावर कुणीतरी
सतरंजी झटकली,
धूळ उन्हात बराच वेळ राहिली.
नऊ महिने मी ज्या गावात राहत होते
ते तेव्हा पहिल्यांदा भेटलं.

शहाणपण आलं वगैरे काही नाही.
पुढच्याच शुक्रवारी मी गेले, ब्रातिस्लाव्हाला.
पण किल्ला सोडला. नदीकाठी बाक शोधला,
ओला होता, तरी बसले.
एक बाई बाळाला पाण्यातली बोट दाखवत होती,
बाळ माझ्याकडे पाहत होतं.

रविवारी जिन्यातला दिवा नेहमीच्या पायरीला विझला.
दारातच मी सांगून टाकलं:
बसले. नदीकाठी.
तिने चष्मा कपाळावर चढवला.
किती वेळ?

वीस मिनिटं, मी म्हटलं.

मग ती तिच्या भाषेत जे म्हणाली
ते शब्दकोशात सापडलं नाही,
पण तिच्या भुवया पाहून कळलं,
आमच्याकडे त्याला एक शब्द आहे.
उभ्याउभ्या.